न कळवता आलेले पाहुणे

प्रवासलेखांच्या या संग्रहाची मुद्रितं वाचताना एक गोष्ट लवकरच लक्षात आली. बहुतेक लेखांमध्ये एक ठरावीक जागा येते. शेवटची बस चुकलेली असते, होस्टेलच्या दाराला कुलूप असतं, फोनची बॅटरी संपलेली असते, आणि वर पाऊस तरी असतो नाहीतर बर्फ तरी. मग कुणीतरी येतं. जुनी लाडा गाडी थांबवणारा म्हातारा, शाळा सुटल्यावर घरी निघालेली शिक्षिका, टोमॅटोचा ट्रक घेऊन रात्रपाळीला निघालेला ड्रायव्हर. पुढची दोन पानं जेवणाची, हातवाऱ्यांनी केलेल्या गप्पांची आणि सकाळी निरोप घेताना जड झालेल्या पायांची. शेवटी लेखक किंवा लेखिका लिहून मोकळे होतात, की नशीब थोर म्हणून तो माणूस भेटला.

इतक्या जणांचं नशीब इतक्या नेमाने थोर कसं निघतं, हा प्रश्न मला पडला. त्याच्यामागे लागलो तेव्हा माझं मत असं झालं, की यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे. पाठीवर सॅक टाकून, उद्याचा मुक्काम न ठरवता निघणं ज्यांना जमतं, त्यांना ते जमतं कारण वाटेवरच्या कुणीतरी तयारी आधीच ठेवलेली असते: एक जास्तीची गादी, डब्यात चार मुठी जास्तीचं पीठ, आणि परक्या माणसाशी कसं वागायचं याचे पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेले नियम. अचानकपणा असतो तो पाहुण्याचा. यजमानाकडे बरंच काही आधीपासून ठरलेलं असतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांचं. 1962 साली हे दोन तरुण दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन, म्हणजे तेव्हाच्या चार अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्या गाठायच्या आणि तिथे अण्वस्त्रांविरुद्ध बोलायचं, असा बेत होता. निमित्त झालं बर्ट्रांड रसेल यांच्या अटकेचं. नव्वदीला टेकलेले हे तत्त्वज्ञ 1961 मध्ये याच प्रश्नावरच्या आंदोलनात तुरुंगात गेले होते. निघण्याआधी दोघं विनोबांकडे आशीर्वाद घ्यायला गेले. आपल्या गागोद्याच्या या माणसाने त्यांना दोन अटी घातल्या. मांसाहार करायचा नाही, आणि जवळ पैसा ठेवायचा नाही.

पहिली अट समजण्यासारखी होती. दुसरीमागचं कारण सतीश कुमारांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. खिशात पैसे असले की दिवसभर चालून दमलेला माणूस खाणावळ शोधतो, लॉज शोधतो, जेवतो आणि झोपतो. कुणाशी बोलायची त्याला गरजच पडत नाही. पैसे नसले की दार ठोठावावं लागतं, आणि दार उघडलं की आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगावं लागतं. विनोबा हे पुस्तकातून सांगत नव्हते. 1951 पासून ते भूदानासाठी गावोगाव पायी फिरत होते आणि मुक्कामाचं गाव देईल ते घेत होते.

सरहद्दीवर एक मैत्रीण जेवणाची पुडकी घेऊन आली होती. पाकिस्तानात जाताय, शत्रूचा देश, निदान दोन दिवसांचं तरी बरोबर असू द्या. सतीश कुमारांनी ती घेतली नाहीत. ही पुडकी अन्नाची नसून अविश्वासाची आहेत, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे पाऊल ठेवल्यावर एक अनोळखी माणूस पुढे आला. शांततेसाठी चालत निघालेले दोघं तुम्हीच का, असं विचारून तो त्यांना लाहोरला आपल्या घरी घेऊन गेला. त्यांच्याबद्दल त्याच्या कानावर आलं होतं आणि तो त्यांची वाट पाहत थांबला होता. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या भेटीला आपण योगायोग म्हणून टाळ्या वाजवतो, तिच्यामागे बहुतेक वेळा असा कुणीतरी वाट पाहणारा असतो.

पुढे अफगाणिस्तान, इराण, मग सोव्हिएत हद्दीतला कॉकेशस. काळ्या समुद्राजवळच्या एका चहाच्या कारखान्यापाशी दोन बायकांनी त्यांची पत्रकं वाचली आणि त्यांना आत नेऊन जेवू घातलं. निघताना त्यातल्या एकीने चहाची चार पाकिटं दिली. चार देशांच्या नेत्यांना एकेक द्या, आणि अणुबॉम्बचं बटण दाबायचं मनात आलंच तर आधी कपभर चहा घ्या म्हणावं, असा निरोप. फ्रान्समध्ये या दोघांना काही दिवस सरकारी पाहुणचार, म्हणजे तुरुंगही मिळाला. ब्रिटनमध्ये रसेल भेटले. अटलांटिक काही चालून ओलांडता येत नाही. तिथल्या बोटीच्या तिकिटांना रसेल यांचीच मदत झाली. वॉशिंग्टनला पोचेपर्यंत केनेडींची हत्या झालेली होती, म्हणून गांधीजींच्या समाधीपासून निघालेली वाट केनेडींच्या थडग्यापाशी संपली. सगळं मिळून आठ हजार मैलांच्या आसपास.

आता इतकं टोक कुणाला झेपायचं नाही, आणि झेपावं असा माझा आग्रहही नाही. पण पाठीवर सॅक टाकून फिरण्याच्या ज्या सोयी आज आपण गृहीत धरतो, त्यांच्या मुळाशीही अशीच एखादी रात्र सापडते. 26 ऑगस्ट 1909 रोजी रिचर्ड शिर्मान हा जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीवर होता. वादळात सापडले. एका शाळेने वर्ग उघडून दिला, शेजारच्या शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि प्यायला दूध दिलं. पोरं झोपली, शिक्षक जागाच राहिला. सुट्टीत ओस पडलेल्या प्रत्येक शाळेत अशी सोय का असू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल उभं राहिलं. आज आपण ॲपवर आठ खाटांच्या खोलीतली एक खाट बुक करतो, तिची सुरुवात त्या पेंढ्यापासून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा विचार घरांपर्यंत पोचला. बॉब लुटवायलर या अमेरिकन युद्धविरोधी तरुणाने 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये एक संस्था काढली. तिचं नाव पुढे सर्व्हास झालं. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांच्या घरी दोन रात्री राहिली, एकत्र जेवली, भांडी घासली, तर त्यांना एकमेकांवर बंदूक रोखणं जड जाईल, अशी कल्पना. यजमान पैसे घेत नाही, प्रवासी ओळखपत्र घेऊन येतो. संस्था अजून चालू आहे, भारतातही आहे. नंतर इंटरनेट आलं, 2004 मध्ये काउचसर्फिंग आलं, आणि परक्याच्या सोफ्यावर झोपणं ही जगभरच्या लाखो तरुणांची रीत झाली. पुढे त्याची कंपनी झाली, 2020 मध्ये सदस्यांकडून वर्गणी मागायला सुरुवात झाली, आणि बरेच जुने यजमान रागावून निघून गेले. मला त्यांचा राग पटतो. घर त्यांचं, चादरी त्यांनी धुतलेल्या, आणि मधे पावती फाडणारा तिसराच.

लिफ्ट मागण्याचंही तेच. आपल्याला वाटतं, रस्त्याकडेला अंगठा दाखवून उभं राहणं म्हणजे बेबंदपणाचा कळस. पोलंडमध्ये 1957 नंतर सरकारच्या संमतीने त्याची चक्क व्यवस्था लावलेली होती. प्रवाशाने कूपनांची पुस्तिका विकत घ्यायची, लिफ्ट देणाऱ्या ड्रायव्हरला अंतराप्रमाणे कूपन फाडून द्यायचं, आणि जास्त कूपनं जमवणाऱ्या ड्रायव्हरांना बक्षिसं. क्यूबामध्ये नव्वदच्या दशकात इंधनाचा दुष्काळ पडला तेव्हा पिवळ्या गणवेशातले कर्मचारी चौकाचौकांत उभे राहून सरकारी गाड्या थांबवायचे आणि ताटकळलेल्या लोकांना त्यात बसवून द्यायचे.

पण जी व्यवस्था सरकारने किंवा संस्थेने केलेली नाही, लोकांनीच शतकानुशतकं चालवली आहे, तिची गोष्ट जास्त रसाळ आहे. जपानच्या शिकोकू बेटावर 88 देवळांची परिक्रमा आहे, सुमारे 1200 किलोमीटरची. आठव्या-नवव्या शतकात होऊन गेलेल्या कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी, या बौद्ध आचार्यांशी ती जोडलेली आहे. यात्रेकरू पांढरे कपडे घालतो, डोक्यावर गवताची टोकदार टोपी, हातात काठी. वाटेवरच्या गावांतले लोक त्याला काहीतरी देतात: संत्री, भाताचा गोळा, शंभर येनचं नाणं, गाडीतून पुढच्या देवळापर्यंत सोडणं, कधी रात्रीपुरती खोली. या देण्याला ओसेत्ताई म्हणतात. ते नाकारायचं नसतं, कारण देणारा ते तुम्हाला देत नाही. प्रत्येक यात्रेकरूबरोबर कोबो दाइशी चालतात अशी श्रद्धा आहे, आणि तुमच्या हातावर ठेवलेलं संत्रं त्यांच्यासाठी असतं. घेणाऱ्याने बदल्यात आपलं नाव-गाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी द्यायची, इतकंच. नर्मदा परिक्रमा केलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सदावर्तात शिधा घेताना परिक्रमावासीही आपण कोण, किती शिकलो, किती कमावतो हे सांगत बसत नाही. फरक इतकाच, की शिकोकूच्या वाटेवर आता हातात मोबाइल नकाशा धरून फिरणारे फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन तरुणही दिसतात. धर्माशी त्यांचं देणंघेणं नसतं. संत्रं त्यांनाही मिळतं.

आणि पाहुणचाराची प्रथा नुसती गोडगोड असते असंही समजू नये. उत्तर अल्बानियातल्या डोंगरांत कानून नावाची जुनी रूढिसंहिता चालत आली. तिच्यानुसार घरात घेतलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची. पाहुण्याला कुणी मारलं तर त्याचा सूडही यजमानाने घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या तेव्हा अल्बानियातल्या बहुसंख्येने मुसलमान असलेल्या लोकांनी पळून आलेल्या ज्यूंना घराघरांत लपवलं. युद्ध संपलं तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या युद्धाआधीपेक्षा जास्त होती. आज तिथल्या डोंगरी घरात सॅकवाल्या पोरापुढे कॉफी आणि राकी येते, ती या कुळातली आहे.

मध्य आशियात पाहुणचार सुरू होतो तो जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर. या संग्रहातले तीन-चार लेख त्या भागातले आहेत, म्हणून तिथले नियम थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचताना काही गोष्टी निसटणार नाहीत. गोल नान मधोमध येते, ती हाताने मोडतात, आणि ती पालथी ठेवणं म्हणजे अपमान. चहा बिनकानाच्या वाडग्यात देतात, आणि कझाक किंवा किरगिझ घरात तो वाडगा मुद्दाम अर्ध्याहून कमी भरतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, हात आखडता घेतला. खरं म्हणजे वाडगा लवकर रिकामा व्हावा, पुन्हा भरता यावा, पाहुण्याने बसावं, म्हणून तो थोडा. काठोकाठ भरलेला वाडगा पुढे आला तर उठायची वेळ झाली असं समजावं. किरगिझ घरात तुम्हाला बसायला वेळ नसेल, नुसतं दारातून जात असाल, तरी नानचा एक तुकडा तोडून तोंडात टाकल्याशिवाय सोडत नाहीत.

इराणमध्ये याहून नाजूक खेळ आहे, तारोफ नावाचा. टॅक्सीवाला भाड्याचे पैसे नको म्हणतो, दुकानदार पिस्त्यांचे पैसे नको म्हणतो. ते नको खरं धरायचं नसतं. दोनदा-तीनदा आग्रह करायचा, मग तो घेतो. पण प्रवासी तेवढ्यावरच धन्यवाद म्हणून उतरला, तर टॅक्सीवाला बहुधा भिडेपोटी गप्प बसतो आणि पोरगं आपल्या वहीत लिहितं, की इराणी लोक किती दिलदार! दिलदार आहेतच. पण त्या दिवशी बुडालेलं भाडं हा टॅक्सीवाल्याच्या दिवसभराच्या कमाईतला तुकडा होता.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती या संग्रहातल्या लेखांनाही लागू पडते. रस्त्यावर गाडी थांबवणारा, घरी चला म्हणणारा, गप्पा मारणारा, गाणं म्हणणारा बहुतेक पुरुष असतो. त्याचं वर्णन मिशांसकट येतं. आत स्वयंपाकघरात रात्री साडेनऊला पुन्हा कणीक मळायला घेणाऱ्या बाईबद्दल एक वाक्य येतं, की त्यांनी उत्तम जेवण केलं. जॉर्जियातल्या मेजवानीत तामादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, उठून एकामागून एक पेल्यांची भाषणं करतो, आणि त्यावर लिहिताना प्रत्येक प्रवासलेखकाला बहर येतो. टेबलावर एकावर एक रचलेल्या बशा कुणी भरल्या आणि पहाटे कुणी धुतल्या, हे शोधावं लागतं. संग्रहातल्या मुलींचे लेख या बाबतीत उजवे आहेत. त्यांना आत प्रवेश मिळतो, म्हणून त्यांना दिसतं.

मुलींच्या लेखांबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. परक्यांवर विश्वास टाकण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पिप्पा बाक्का ही इटालियन कलावंत 2008 च्या मार्चमध्ये मिलानहून मैत्रिणीसह निघाली. दोघींच्या अंगावर नवरीचा पांढरा पोशाख. लिफ्ट घेत घेत जेरुसलेमला पोचायचं आणि माणसावर विश्वास ठेवता येतो हे दाखवायचं, असा त्यांचा प्रकल्प होता. इस्तंबूलजवळ दोघी वेगळ्या झाल्या, आणि गेब्झेच्या परिसरात लिफ्ट देणाऱ्या एका माणसाने पिप्पावर बलात्कार करून तिचा खून केला. तुर्कस्तानातल्या कितीतरी लोकांना त्याची शरम वाटली, निदर्शनं झाली. हे सांगून मला कुणाला घाबरवायचं नाही. पण ‘जग चांगलंच असतं’ असं ठोकून देणाऱ्या पुस्तकाला मी प्रस्तावना लिहिली नसती. या मुली गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवतात, मागच्या सीटवर बाई किंवा मूल आहे का ते बघतात, कुठे नाही म्हणायचं ते ठरवून निघतात. सावध राहूनच त्या मोकळ्या फिरल्या आहेत.

आता आपल्या पासपोर्टाची गोष्ट. अचानक उठून निघणं हे जर्मन किंवा जपानी पासपोर्टाला जितकं सोपं, तितकं आपल्याला नाही. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाची बुकिंगं, बँकेचं स्टेटमेंट, परतीच्या तिकिटाचा पुरावा आणि 30,000 युरोचा विमा आधी दाखवावा लागतो. कुणाच्या घरी राहणार असाल तर त्याचं निमंत्रणपत्र, आणि काही देशांत तेही सरकारी नमुन्यात. म्हणजे परक्याच्या दयेवर आधी शिक्का लागतो. म्हणूनच या संग्रहात युरोप कमी आणि नेपाळ, थायलंड, मलेशिया, कझाकस्तान जास्त दिसतं. भारतीयांना कझाकस्तानने 2022 मध्ये 14 दिवसांसाठी व्हिसा माफ केला आणि आपल्या पोरांच्या नकाशात अल्माटी एकदम ठळक झालं. आपल्याकडच्या पोरांनी असं निघणं नवं नाही. मुंबईचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती 1928 मध्ये, सुमारे 71 हजार किलोमीटर कापून, पुरी केली. त्यांच्या वाटेत वाळवंटं होती, आल्प्स होता. आजच्या पोरांच्या वाटेत त्याच्या जोडीला व्हिसा केंद्राची रांगही आहे.

कागदाचा हा जाच यजमानालाही असतो, आणि तो पाहुण्यांना क्वचितच कळतो. उझबेकिस्तानात परदेशी पाहुणा घरी ठेवला तर त्याची नोंदणी करावी लागते. न केल्यास दंड. आपल्याकडेही परदेशी माणसाला घरी ठेवलं तर चोवीस तासांत फॉर्म भरून कळवायचा नियम आहे. तरीही माणसं ठेवतात.

याउलट काही वर्षांपूर्वी बँकॉक, क्वालालंपूरच्या फुटपाथवर एक नवी जमात दिसू लागली. हातात पाटी, आमच्या जगप्रवासाला मदत करा; समोर पोस्टकार्डांएवढे फोटो विकायला मांडलेले. यातले बहुतेक श्रीमंत देशांतले धडधाकट तरुण, आणि पैसे टाकणारे त्यांच्याहून गरीब. बिनपैशाने चालणाऱ्या सतीश कुमारांशी कुणी यांची तुलना करू नये. ते दोघं जिथे मुक्काम करत, तिथे आपण का निघालो हे सांगत, वाद घालत, प्रश्न झेलत. ज्याच्या घरी जेवलो त्याला त्या संध्याकाळी काहीतरी मिळेल याची काळजी घेत. फुटपाथवरच्या पाटीत तसलं काही नाही.

या संग्रहातले लेख चांगले आहेत, काही फारच चांगले. दोन-तीन ठिकाणी कौतुकाचा पाक जरा घट्ट झाला आहे, पण पहिल्या प्रवासाच्या लेखनाला ती सूट द्यायला हरकत नाही. उणीव एकच, आणि ती संपादकांच्या हातातली नव्हती. इथे सगळे पाहुणेच बोलतात. अंजुण्यात सत्तरच्या दशकात हिप्प्यांना घरातली खोली देणारी कुटुंबं गोव्यात आहेत. नर्मदाकाठी रोज कुणा ना कुणाला जेवू घालणारी घरं आहेत. पुण्या-मुंबईत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कुठल्याशा देशातल्या पोरीला हॉलमध्ये गादी घालून देणारी माणसं आहेत. त्यांना ती पाहुणी कशी वाटली, शेजाऱ्यांनी काय विचारलं, नंतर तिचं पत्र आलं की नाही, हे मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरी असा परका माणूस राहून गेला आहे, त्यांनी ते लिहावं आणि प्रकाशकांकडे पाठवावं. शुद्धलेखनाची काळजी करू नये. दुसरा खंड त्यांचा असावा, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या माणसांची पानं आधी असावीत, अशी संपादकांना विनंती आहे.